डोकं दुखतंय? बोट ठेवून दाखवा
(लेखांक ६)

‘डोकं दुखतंय’ एवढं सांगितलं की औषधाच्या दुकानात गोळी मिळते. ॲक्युपंक्चरवाल्याचं तेवढ्यावर भागत नाही. तो म्हणतो, नेमकं कुठं ते बोट ठेवून दाखवा. आपण कपाळावर ठेवलं तर त्याच्या मनात यांगमिंग ही रेषा येते, म्हणजे मोठं आतडं आणि जठर यांची. बोट कानशिलावर गेलं तर शाओयांग, पित्ताशयाची. मानेतून वर चढणारं दुखणं ताइयांगचं, म्हणजे मूत्राशय आणि लहान आतडं यांचं. अगदी टाळूवर ठणकत असेल तर ज्युएयिन, कारण यकृताची रेषा पायाच्या अंगठ्यापासून निघून आतून थेट टाळूपर्यंत जाते असं चिनी ग्रंथ मानतात. म्हणूनच टाळू दुखणाऱ्याच्या पायात सुई टोचली जाते. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या खाचेतून जरा वर सरकलं की ताइचोंग हा बिंदू लागतो. कपाळासाठी हातावरचा हगू, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागातला. दुखणाऱ्या जागेपासून इतकं दूर का टोचतात, या आपल्याला नेहमी पडणाऱ्या प्रश्नाचं त्यांच्याकडचं उत्तर एवढंच: रेषा एकच आहे.

या रेषांना चिनी भाषेत जिंग म्हणतात. त्या अक्षराचा मूळ अर्थ मागावरचा उभा धागा, आपला ताणा. ‘मेरिडियन’ हे नाव फ्रान्सचे राजनैतिक अधिकारी जॉर्ज सुलिए द मोरां यांनी गेल्या शतकात युरोपात रूढ केलं. त्यामुळे पृथ्वीच्या गोलावरच्या रेखावृत्तांसारखं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, आणि तिथूनच गैरसमजाला सुरुवात होते.

मुख्य रेषा बारा, आणि त्या शरीराच्या दोन्ही बाजूंना. त्यांचा आकडा मात्र पहिल्यापासून बारा नव्हता. हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुई इथं 1970 च्या दशकात जुन्या कबरी उघडल्या. त्यातली एक कबर इ.स.पू. 168 मध्ये बंद केलेली. तिच्यातल्या रेशमी हस्तलिखितांत अकराच वाहिन्या आहेत. नावं असलेले बिंदू नाहीत, सुयाही नाहीत. उपाय आहे तो डाग देण्याचा. म्हणजे रेषा आधी, बिंदू आणि सुया नंतर. ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात पुढे हे सगळं बारा वाहिन्यांत बसवलेलं दिसतं. मला यातून दिसतो तो दुखण्याच्या वाटा टिपून ठेवणारा माणूस. अदृश्य ऊर्जेच्या नळ्या त्याला दिसल्या असतील असं मला वाटत नाही.

सायटिकाचं उदाहरण घ्या. कळ मांडीच्या आणि पोटरीच्या मागून करंगळीकडे उतरते तेव्हा ती मूत्राशयाची रेषा. गुडघ्यामागच्या घडीतला वेइचोंग हा तिथला नेहमीचा बिंदू. कळ मांडीच्या बाहेरच्या अंगानं उतरली तर पित्ताशयाची. मग गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला यांगलिंगच्युआन. अस्थितज्ज्ञही हाच प्रश्न विचारतात, कारण मणक्यातली कुठली नस दाबली गेली त्यावर कळीची वाट ठरते. दोन्ही नकाशे तंतोतंत जुळत नाहीत, पण मागची वाट आणि बाजूची वाट वेगळी, हे दोघांनीही टिपलं आहे.

विचारून झालं की चाचपणी. रेषेवरून अंगठा दाबत जायचं. कुठं गाठ, कुठं घट्टपणा लागतो ते पाहायचं. एखाद्या जागी रुग्ण कळवळतो, ‘आई गं, इथंच!’ चिनी रुग्णही तसंच ओरडत असावेत, कारण अशा जागेचं नावच ‘आ-शी’, म्हणजे ‘आह, हीच!’

आता अवघड भाग. जर्मनीत कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी रेषांनुसार सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना गुण आला होता. मुद्दाम बिंदू सोडून, वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी 27.4 टक्क्यांना. सुईनं काहीतरी होतं. ती नेमक्या रेषेवरच हवी, हे मात्र या आकड्यांतून सिद्ध होत नाही. माझं मत असं की मेरिडियन हा रुग्णाला नीट विचारण्याचा आणि हातानं तपासण्याचा फार चांगला शिरस्ता आहे. ‘यकृताची रेषा दुखते, म्हणजे यकृत बिघडलं’ असं कुणी सांगितलं तर मात्र तिथून उठावं.

गरोदरपणात हगू टोचायचा नाही हा जुना दंडक आजही पाळतात, तेव्हा दिवस गेले असतील तर आधीच सांगा. डोकं अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं दुखलं, किंवा कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, तर रेषा शोधत बसू नका. सरळ रुग्णालय गाठा. आणि सुया तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लावा.

पुढच्या आठवड्यात नाडी: एका मनगटावर तीन बोटं, आणि त्यातून बारा वाहिन्यांचा अंदाज कसा घेतात ते.