संलग्नतेचे विद्यापीठ : नागपूर विद्यापीठाची घडण आणि ग्रामीण महाविद्यालयातील मराठीचा अभ्यास

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरचे गाव. याच मार्गाने दक्षिणेकडे गेल्यास वर्धा नदी ओलांडताच यवतमाळ जिल्हा लागतो. नदीच्या दोन्ही तीरांवरील शेती, बाजार आणि सोयरसंबंध यांत फारसे अंतर नाही. बोलीतही एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना ठळक रेषा दाखविता येत नाही. तथापि मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या दोन तीरांवरच्या विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तके, प्रश्नपत्रिका आणि पदव्या वेगवेगळ्या असतात. कारण अलीकडचे महाविद्यालय नागपूर विद्यापीठाशी आणि पलीकडचे अमरावती विद्यापीठाशी संलग्न असते. ही रेषा भाषेने वा साहित्याने आखलेली नाही. ती विद्यापीठीय कायद्याने आखलेली आहे. ती कशी आखली गेली आणि तिचा मराठीच्या अध्ययन-अध्यापनाशी कोणता संबंध पोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संलग्नतेची कल्पना

१८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. अध्यापन महाविद्यालयांनी करावे. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ही विभागणी होती. तिच्यामुळे मोठ्या प्रदेशावर अल्प खर्चात उच्च शिक्षण पोचविता आले, हे मान्य केले पाहिजे. परंतु याच विभागणीमुळे शिकविणारा एक आणि काय शिकवावे हे ठरविणारा दुसरा, अशी स्थिती निर्माण झाली. पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी हा ताण आहे.

मध्य प्रांताला प्रारंभी स्वतःचे विद्यापीठ नव्हते. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली व मॉरिस महाविद्यालय १८८५ साली सुरू झाले. त्या काळी येथील विद्यार्थी कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षा देत. पुढे, १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर, ही महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाच्या कक्षेत गेली. मराठी प्रदेशातील विद्यार्थ्याचे शैक्षणिक भवितव्य अशा रीतीने काही दशके मराठी न जाणणाऱ्या नगरांतून ठरत होते. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगाने अध्यापन करणाऱ्या विद्यापीठांचा पुरस्कार केला आणि १९२१ च्या कायद्याने अलाहाबाद विद्यापीठाने त्या दिशेने पाऊल टाकले. अशा वेळी मध्य प्रांत व वऱ्हाड यांस स्वतंत्र विद्यापीठाची निकड भासणे स्वाभाविक होते.

२. स्थापना आणि विभाजन

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू होत. आरंभी ६ महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढाच विद्यापीठाचा विस्तार होता. कार्यक्षेत्र मात्र जबलपूरपासून वऱ्हाडापर्यंत पसरलेले होते. हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा हा संसार होता. स्वातंत्र्याच्या सुमारास या विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून मराठी व हिंदी यांचा स्वीकार करण्याचा निर्णय घेतला, त्याचे मूळ या द्वैभाषिक रचनेत शोधता येते.

यानंतरचा इतिहास म्हणजे एका विस्तीर्ण कार्यक्षेत्राच्या क्रमशः विभाजनाचा इतिहास होय. १९४६ साली सागर येथे विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे संस्थापक डॉ. हरिसिंह गौर हे पूर्वी नागपूरचेच कुलगुरू होते. १९५६ साली जबलपूरलाही विद्यापीठ झाले. त्याच वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूर विद्यापीठ सर्वार्थाने विदर्भाचे विद्यापीठ ठरले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले व वऱ्हाडासह यवतमाळ जिल्हा त्याच्याकडे गेला. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन होऊन चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे वेगळे झाले. आज नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे मूळ विद्यापीठाकडे उरले आहेत. २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

प्रदेशाप्रमाणे विषयांचेही विभाजन झाले. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले. १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा नागपूरशी असलेला संबंध संपला. भाषेच्या क्षेत्रातही वेगळ्या प्रकारच्या संस्था उभ्या राहिल्या : १९९७ साली वर्धा येथे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आणि अलीकडे रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ. यांपैकी वर्ध्याचे विश्वविद्यालय वडनेरहून नागपूरपेक्षा जवळ आहे. पण ते केंद्रीय विद्यापीठ असल्याने जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमाशी त्याचा वैधानिक संबंध नाही. दोन परंपरांतील अंतर पदनामांतही दिसते. नागपूरला 'कुलपती' म्हणजे राज्यपाल आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारे ते 'कुलगुरू'. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात मात्र कारभार पाहणाऱ्यासच 'कुलपति' म्हणतात. एकच शब्द एकाच विभागात दोन भिन्न अधिकारपदांचा वाचक ठरतो.

३. अंतर्गत रचना

महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठांची घडण आज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने निश्चित केली आहे. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वी १९९४ चा अधिनियम लागू होता. अधिसभेत शिक्षक, प्राचार्य, संस्थाचालक, पदवीधर अशा घटकांना प्रतिनिधित्व असते. व्यवस्थापन परिषद कार्यकारी निर्णय घेते. विद्या परिषद शैक्षणिक धोरण व दर्जा पाहते. तिच्या अधीन विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखा असून मराठी विषय मानव्यविद्येत मोडतो.

साहित्याच्या अध्यापकाच्या दृष्टीने या उतरंडीतील सर्वांत महत्त्वाचे मंडळ सर्वांत खालचे आहे, ते म्हणजे अभ्यास मंडळ. कोणती कादंबरी नेमावी, मध्ययुगीन वाङ्मयातून कोणता भाग घ्यावा, भाषाविज्ञानाला किती गुण ठेवावेत, यांचा पहिला निर्णय तेथे होतो. या मंडळात विद्यापीठ विभागाचे प्रमुख असतात, काही शिक्षक नामनिर्देशित होतात आणि काही सदस्य संलग्न महाविद्यालयांतील विभागप्रमुखांमधून निवडून येतात. ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकास अभ्यासक्रम घडविण्यात वाटा मिळण्याचा कायदेशीर दरवाजा हाच आहे. नामनिर्देशन आणि निवडणूक यांचे प्रमाण काय असावे, हा प्रश्न म्हणून केवळ प्रशासकीय राहत नाही. वाङ्मयीन अभिरुची कोणी ठरवावी, या प्रश्नाशी तो जोडलेला आहे.

अध्यापकांच्या सहभागाने विद्यापीठ कसे समृद्ध होते याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. महानुभाव वाङ्मयाचे संशोधक डॉ. वि. भि. कोलते १९६६ साली याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रिद्धपूरसह विदर्भाच्या भूमीशी निगडित असलेल्या ग्रंथपरंपरेचा अभ्यास आणि त्याच प्रदेशाच्या विद्यापीठाचे नेतृत्व एका व्यक्तीच्या ठायी एकत्र आले. प्रदेशाचे विद्यापीठ असणे याला कार्यक्षेत्राच्या नकाशापलीकडे जो अर्थ असू शकतो, तो येथे दिसतो.

४. आजचा प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावी व महाविद्यालयांनी स्वायत्त होऊन स्वतः पदव्या द्याव्यात, अशी दिशा सुचविली आहे. १८५७ पासून चालत आलेली विभागणी तत्त्वतः मोडीत निघावी, असा याचा अर्थ होतो. शहरातील मोठ्या महाविद्यालयास ही संधी वाटेल. परंतु ज्या महाविद्यालयात मराठीचे एक-दोनच अध्यापक आहेत आणि त्यांपैकी एखादा तासिका तत्त्वावर आहे, तेथे अभ्यासक्रम आखणे, परीक्षा घेणे आणि पदवीची विश्वासार्हता सांभाळणे ही कामे कोणी करावयाची? संलग्नतेने अध्यापकाचे स्वातंत्र्य मर्यादित केले हे खरे. मात्र वडनेरच्या विद्यार्थ्याची पदवी आणि नागपूरच्या विद्यार्थ्याची पदवी एकाच मोलाची मानली जाण्याची हमीही तिनेच दिली. संलग्नता गेली आणि तिच्या जागी समर्थ पर्याय आला नाही, तर ही समता प्रथम ढासळेल.

यावर दोन गोष्टी सुचविता येतील. एक, लहान महाविद्यालयांनी जिल्हा वा तालुका पातळीवर एकत्र येऊन विषयवार अभ्यासगट करावेत आणि अभ्यास मंडळाकडे लेखी, सकारण सूचना पाठविण्याची सवय लावून घ्यावी. दोन, सीमेलगतच्या महाविद्यालयांनी शेजारच्या विद्यापीठाचा मराठीचा अभ्यासक्रम आपल्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून वाचावा. नदीच्या दोन तीरांवर काय नेमले गेले आणि काय वगळले गेले, याची तुलना हा पदव्युत्तर प्रबंधिकेचाही उत्तम विषय होऊ शकेल. संलग्नता राहो वा जावो, अभ्यासक्रम घडविण्याची क्षमता ग्रामीण अध्यापकाच्या ठायी निर्माण झाली पाहिजे. ती नसेल तर स्वायत्ततेतही त्यास दुसऱ्याने ठरविलेलेच शिकवावे लागेल.