सुट्टींत बसविलेले दांत



दिवाळी आणि नाताळ यांच्या सुमारास पुण्यामुंबईच्या दंतवैद्यांकडे जी गर्दी लोटते, तिचें कारण फराळाचे लाडू नव्हेत. इंग्लंड-अमेरिकेंत स्थायिक झालेलीं आपलीं मुलेंबाळें त्या दिवसांत घरीं येतात, आणि लग्नकार्य, कुलदैवताचें दर्शन व खरेदी यांच्या जोडीला दांतांचें कामही उरकून जातात. त्यांत नवल नाहीं. इम्प्लांट, कॅप, ब्रिज हीं कामें तिकडे फार महाग पडतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेंत तर इम्प्लांट अपवादात्मक प्रसंगींच मिळतें. स्वतः इंग्रजही याच हेतूनें हंगेरींत बुडापेस्टला जातात, आणि अमेरिकन लोक सीमा ओलांडून मेक्सिकोंतील लॉस आल्गोडोनेस नांवाच्या लहानशा गांवीं जातात. आपल्याकडील दंतवैद्यांच्या हातोटीविषयीं मला शंका काढावयाची नाहीं. अडचण निराळी आहे. दांत बसविणारा येथें राहतो आणि दांत सातासमुद्रांपलीकडे जातो. घरच्या वडील माणसांनीं ही गोष्ट मुलांना निघण्यापूर्वीं समजावून द्यावी, म्हणून आजचें हें भाषण.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडांत बसविलेला, बहुधा टिटॅनियम धातूचा, लहानसा स्क्रू. त्यावर मागाहून दांताच्या आकाराची कॅप चढवितात. ही विद्या निघाली ती एका अडचणींतून. स्वीडनमधील ब्रॉनेमार्क हे संशोधक १९५२ सालीं सशाच्या हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं हाडांत बसविलेलें टिटॅनियमचें उपकरण काम संपल्यावर निघेना. हाडानें त्याला घट्ट धरून ठेविलें होतें. पुढें १९६५ मध्यें त्यांनीं असे स्क्रू प्रथम माणसाच्या जबड्यांत बसविले. हाडानें धातूला असें धरण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. आणि आपल्या पाहुण्यांची सुट्टी असते तीन आठवड्यांची! कांहीं निवडक रोग्यांत लगेच दांत चढवितां येतो, हें खरें. पण तो निर्णय हाड पाहून करावयाचा असतो, विमानाचें तिकीट पाहून नव्हे. बहुतेकांनीं एका खेपेस स्क्रू व दुसऱ्या खेपेस दांत असाच बेत आंखावा. मधल्या काळांत तात्पुरता दांत दिला असेल तर तो दिसण्यापुरता आहे असें समजावें. त्यानें कणीस सोलूं नये.

दांत काढल्यावर खळगींत रक्ताची गुठळी बसते. ती म्हणजे जखमेवरचें झांकण. ती निसटली तर उघड्या हाडाची असह्य ठणक लागते, आणि बहुधा दोन ते चार दिवसांनीं लागते. दांत काढून दुसऱ्याच दिवशीं विमानांत बसणाऱ्याला ती परक्या मुलखांत उतरल्यावर गांठते. म्हणून पहिल्या दिवशीं जोरानें चूळ भरूं नये, थुंकूं नये, शहाळ्याचें पाणीसुद्धां नळीनें ओढून पिऊं नये. विडी-सिगारेट तर अजिबात नको. चोवीस तास लोटल्यावर पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा चमचा मीठ घालून हलकेच गुळण्या कराव्यात. वरच्या दाढांच्या जागीं हाड वाढविण्यासाठीं नाकाशेजारच्या पोकळीपर्यंत काम झालें असेल, तर विमानप्रवास केव्हां करावा हें डॉक्टरांना विचारल्यावांचून परतीची तारीख ठरवूं नये.

कॅप बसविल्यावर डॉक्टर विचारतात, "दांत टेकतांना उंच लागतो का?" तोंड बधिर असतां या प्रश्नाचें खरें उत्तर कोणी देऊं शकत नाहीं. बधिरपणा उतरून घरचीं चार जेवणें झालीं, पोळी-भाकरी चावून पाहिली, म्हणजे तें कळतें. उंच राहिलेली कॅप घांसून सारखी करणें हें थोड्या मिनिटांचें काम. तसेंच निघून गेल्यास दाढ दुखूं लागते, कधीं कॅपेचा टवका उडतो. यासाठीं शेवटची भेट आणि प्रस्थान यांत निदान आठवडाभर अंतर असावें.

आतां ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातें, ती सांगतों. आपला स्वतःचा दांत हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोंवतीं एक नाजूक पडदा असतो. भातांत खडा आला कीं जबडा क्षणांत थबकतो, तो बव्हंशीं या पडद्यामुळें. इम्प्लांटला हा पडदा नाहीं आणि आंत नसही नाहीं. त्याच्याभोंवतीं हिरडी सुजली, हाड झिजूं लागलें, तरी दीर्घकाळ दुखत नाहीं. वर्गांत रडणारा मुलगा मास्तरांच्या लगेच ध्यानांत येतो. मागच्या बांकावर गप्प बसून वर्षभर कांहींच न समजलेला मुलगा परीक्षेच्या दिवशीं उमगतो. इम्प्लांट या दुसऱ्या जातीचें. दुखत नाहीं, म्हणजे ठीक आहे, हा हिशेब येथें चालत नाहीं. घांसतांना रक्त येणें, हिरडी लाल दिसणें, दुर्गंधी, दाबल्यास पू, यांपैकीं कांहींही दिसल्यास त्याच आठवड्यांत तिकडच्या दंतवैद्याला दाखवावें. गेलेलें हाड सहसा आपोआप परत येत नाहीं. तक्रार नसली तरी वर्षांतून निदान एकदां हिरडी तपासून घ्यावी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हां एक्स-रे काढून जुन्याशीं ताडून पाहावा.

जुना एक्स-रे जवळ असेल तर! आमच्या शेजारच्या गृहस्थांचे जांवई अमेरिकेंत असतात. त्यांनीं इकडे दोन दांत बसविले. दोन वर्षांनीं एक कॅप हलूं लागली. तिकडचे डॉक्टर म्हणाले, आंतला स्क्रू सैल झाला आहे, दहा मिनिटांचें काम. पण इम्प्लांट कोणत्या कंपनीचें? निरनिराळ्या कंपन्यांच्या स्क्रूंना निरनिराळ्या किल्ल्या लागतात, आणि भलती किल्ली फिरविली तर स्क्रूचें डोकेंच खराब होतें. जांवईबापूंजवळ होती फक्त पावती, तीवर "इम्प्लांट, नग दोन". इकडचा दवाखाना दरम्यान बंद झालेला. शेवटीं एक्स-रेमधील आकारावरून कंपनी ओळखली, तोंवर सात आठवडे गेले आणि ते गृहस्थ एका बाजूनें जेवत राहिले.

इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, लांबी, जाडी व उत्पादनाचा क्रमांक असलेली चिठ्ठी असते. ती मागून घ्यावी. कॅप स्क्रूनें धरली आहे कीं सिमेंटनें चिकटविली आहे, ती कशाची केली आहे, रूट कॅनाल कोणत्या दाढेचें झालें, हें डॉक्टरांकडून लिहून घ्यावें. कामापूर्वींचे व नंतरचे एक्स-रे आणि औषधांची यादी यांसह सर्व कागद एका पाकिटांत पारपत्राशेजारीं ठेवावेत. शिवाय त्यांचीं छायाचित्रें फोनमध्यें असावींत.

रोजच्या निगेंत अवघड असें थोडें आहे. कॅप स्वतः किडत नाहीं, पण तिच्या कडेखालचा आपला दांत किडतो. तेथें मऊ ब्रश दोन वेळां फिरला पाहिजे. ब्रिजखालीं अन्नाचे कण अडकतात, ते साध्या ब्रशानें निघत नाहींत. बारीक बाटलीब्रशासारखे जे लहान ब्रश मिळतात, ते वापरावेत. इम्प्लांटसाठीं त्यांची तार प्लास्टिकनें मढविलेली असावी. टांचणीनें दांत कोरण्याची संवय मात्र येथेंच सोडून जावी. औषधी चूळ डॉक्टरांनीं सांगितली तितकेच दिवस घ्यावी, कारण क्लोरहेक्सिडीननें दांतांवर तपकिरी डाग पडतात, आणि चहा पिणाऱ्याचे ते अधिक गडद होतात. सुपारी, बर्फ आणि आजीनें प्रेमानें बांधून दिलेली कडक चिक्की नव्या कॅपेखालीं फोडूं नये. झोंपेंत दांत खाणाऱ्यानें ही गोष्ट डॉक्टरांना आधींच सांगून रात्रीं घालावयाचें आवरण करून घ्यावें.

हमी देतात, तीही वाचून पाहावी. तिच्यांत बहुधा दुरुस्ती येते, विमानाचें भाडें येत नाहीं; आणि वर्षास तपासणी केल्याचा पुरावा नसेल तर कित्येकदां ती रद्द होते. परदेशांतील दंतवैद्य दुसऱ्याच्या कामांत हात घालण्यास कचरतात. तेव्हां इकडे काम सुरू करण्यापूर्वींच तिकडच्या आपल्या डॉक्टरांना तसें कळवावें, पुढील तपासणी ते करतील का व काय घेतील हें विचारावें, आणि परतल्यावर पहिल्या महिन्यांतली एक वेळ त्यांच्याकडे नोंदवून ठेवावी.