उच्चशिक्षित प्रौढ स्त्रिया : आकडेवारीतून निसटलेली बेरोजगारी

भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाची प्रगती लक्षणीय आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या स्त्रियांची संख्या २०१४-१५ मधील सुमारे ४८ हजारांवरून २०२१-२२ मध्ये सुमारे ९९ हजारांवर गेली. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभागही २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांपर्यंत वाढला. मात्र या वाढीत ग्रामीण स्वयंरोजगाराचा वाटा मोठा आहे. चाळिशी ओलांडलेल्या उच्चपदवीधर स्त्रीला पात्रतेनुरूप काम मिळते का, या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही.

व्याख्येची मर्यादा

काम नसलेली, परंतु कामाच्या शोधात असलेली अथवा कामासाठी उपलब्ध असलेली व्यक्तीच बेरोजगार गणली जाते. अनेक नकारांनंतर शोध सोडून दिलेल्या स्त्रीची नोंद ‘केवळ घरकाम’ अशी झाली की ती श्रमशक्तीच्या बाहेर जाते आणि बेरोजगारीचा दर तेवढा कमी दिसतो. याउलट, चालू साप्ताहिक स्थितीच्या निकषानुसार आठवड्यात एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारप्राप्त ठरते. तासिका तत्त्वावर मोजकी व्याख्याने देणारी पीएच.डी.धारक स्त्री त्यामुळे रोजगारातच मोडते. प्रौढ वयोगटातील बेरोजगारीचा अल्प दर म्हणूनच समाधानकारक स्थितीचा पुरावा ठरत नाही.

पुनरागमनातील अडथळे

२०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. अपत्यसंगोपन, पतीची बदली, वृद्धांची शुश्रूषा यांमुळे सेवेत खंड पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत सहायक प्राध्यापकपदासाठी कमाल वयोमर्यादा नाही. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील छाननीत अध्यापनाचा अनुभव व शोधनिबंध यांना गुण आहेत. खंडाच्या काळात नेमक्या याच दोन गोष्टी साध्य होत नाहीत. वयाची अट नसतानाही वय असे अप्रत्यक्षपणे आड येते. केंद्र शासनाच्या सेवेतील ७३० दिवसांची बालसंगोपन रजाही जी आधीच सेवेत आहे तिलाच मिळते.

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये सुरू केलेली महिला वैज्ञानिक योजना या दृष्टीने महत्त्वाची ठरली. सेवेत खंड पडलेल्या २७ ते ५७ वयोगटातील स्त्रियांना तिने संशोधनाकडे परतण्याची संधी दिली. मात्र साहाय्य ठरावीक मुदतीचे होते. मुदतीनंतर कायम पदाची हमी नव्हती. भाषा, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयांतील स्त्रिया तिच्या कक्षेबाहेर राहिल्या.

उपाययोजनांची दिशा

पहिली गरज मोजमापाची आहे. शोध का थांबवला आणि केलेले काम पात्रतेस साजेसे आहे का, याची माहिती वय व शिक्षणस्तरानुसार प्रसिद्ध व्हावी. दुसरे, गुणांकनात सेवाखंडाची वर्षे वगळून उमेदवाराचे मूल्यमापन व्हावे. तिसरे, पुनरागमनाच्या योजना सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांपर्यंत न्याव्यात आणि त्यांची सांगड रिक्त पदांच्या भरतीशी घालावी.

एका पीएच.डी.मागे दोन दशकांहून अधिक काळाचे शिक्षण आणि मोठा सार्वजनिक खर्च असतो. अशा स्त्रीचे ज्ञान पंचेचाळिसाव्या वर्षी निरुपयोगी ठरवणे हा तिच्यावरील अन्याय आहेच. शिवाय अध्यापकांची पदे रिक्त असलेल्या देशास न परवडणारा अपव्ययही आहे.