‘सोडा घेतला’ म्हणजे नेमकं काय?

पहाटे साडेतीनच्या सुमारास पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ अपघात विभागात आले. छातीत जळजळ, अंगाला दरदरून घाम. ‘‘गॅस झालाय, डॉक्टर. रात्रीच सोडा घेतलाय.’’ मी विचारलं, ‘‘कुठला सोडा?’’ ते म्हणाले, ‘‘गाडीवरचा.’’ पत्नी म्हणाल्या, ‘‘अहो, नंतर मी घरी खायचा सोडा दिला ना पाण्यातून!’’ ईसीजीत हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. चार तास सोड्यात गेले होते.

आपल्याकडे सोडा हा एकच शब्द किती वस्तूंना पुरतो! ढोकळ्यात पडतो तो सोडा, कपड्यांना लागतो तो सोडा, गाडीवर फसफसतो तोही सोडा. (कोकणातले सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी, त्यांचा इथे संबंध नाही.) बुडबुड्यांच्या पाण्याची गोष्ट जुनी आहे. 1767 मध्ये लीड्सच्या एका बिअरच्या कारखान्यात जोसेफ प्रिस्टली यांनी आंबणाऱ्या पिंपांवरचा वायू पाण्यात मिसळून पाहिला. पुढे अशा पाण्यात सोडियमचे क्षारही घालू लागले, म्हणून ते ‘सोडावॉटर’. आज गाडीवरच्या सोड्यात बहुधा पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एवढंच असतं. नाव मात्र राहिलं.

घोटाळा इथेच आहे. खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, अल्कधर्मी. तो पोटातलं आम्ल खरोखरच मारतो आणि त्या क्रियेत वायू तयार होतो. बाटलीतला साधा सोडा मात्र स्वतःच किंचित आम्लधर्मी. तो पित्त कमी करत नाही, फक्त पोट फुगवतो. दोन्हींनी ढेकर येतो आणि ढेकर आला की आपल्याला वाटतं, गॅसच होता! हृदयविकार असतानाही ढेकर येतो आणि थोडा वेळ हलकं वाटतं. त्यावरून निदान होत नाही.

खायच्या सोड्याचा चहाचा एक चमचा म्हणजे सुमारे 1200 मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाने दिवसभरात 2000 मिलिग्रॅमच्या आत राहावं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा घरगुती उपाय करूच नये. गोड थंड पेयांचा प्रश्न साखरेचा. 300 मिलिलिटर कोलात ती 30 ग्रॅमच्या वर असते.

आणि कॉस्टिक सोडा! मोरी साफ करायला आणलेला हा सोडा कुणी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवतं, मूल तहानेनं तोंडाला लावतं. अन्ननलिका भाजून निघते. अशा वेळी उलटी करवू नका, लिंबूपाणी पाजू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

छातीतली जळजळ किंवा दडपण दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, सोबत घाम, धाप किंवा हातात, जबड्यात कळ असेल, तर 108 ला फोन करा. सोडा शोधत बसू नका.

ते गृहस्थ वाचले. घरी जाताना त्यांनी विचारलं, ‘‘आता सोडा चालेल ना?’’ गाडीवरचा साधा, मीठ-मसाला न घालता, कधीतरी चालेल, असं मी सांगितलं. स्वयंपाकघरातल्या डब्याबद्दल त्यांच्या पत्नीशी वेगळं बोललो.