परतीची बस
पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या आडवाड्यावरचे मूल म्हापशाच्या उच्च माध्यमिक विद्यालयात जाऊ लागले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो पुस्तकांचा नव्हे, वाहनाचा. सकाळची अडचण फारशी नसते. सगळा घोळ परतीचा. शिकवणी आटोपेपर्यंत दिवेलागण होते. मुख्य रस्त्यापर्यंत बस मिळाली तरी फाट्यावरून आत गावात जाणारी मिळेलच, असे नाही.

1978-79 साली गोव्यातील विद्यार्थ्यांनी अर्ध्या तिकिटासाठी आंदोलन केले आणि 1980 साली कदंब महामंडळ उभे राहिले. त्याचा गोमंतकीयांस अभिमान वाटतो व तो रास्तच आहे. परंतु अर्धे तिकीट कामास यावयाचे तर आधी बस यावी लागते! बालरथ शाळेपर्यंत नेतो; शिकवणीच्या वेळा तो पाहत नाही. पायलटच्या मोटारसायकलवर मुलाला एक वेळ बसवतील. मुलीला बसवताना तो ओळखीचा आहे ना, हे आई दोनदा विचारते. 2018 साली आलेल्या गोवा माइल्सचा आणि टॅक्सीवाल्यांचा तंटा पुढे मोपाच्या विमानतळापर्यंत पोचला. परंतु रोज टॅक्सी करून मूल घरी आणणे कोणत्या शेतकऱ्यास वा कारकुनास परवडते? दारात मोटार असली तरी ती बापाच्या नोकरीच्या वेळेस बांधलेली.

उरते स्कूटर. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास 25,000 रुपये दंड व 3 वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात आली. तरीही किल्ली दिली जाते. आम्ही त्या पालकांची बाजू घेत नाही. पण त्यांना बेफिकीर ठरवणे फार सोपे आहे. अंधारात फाट्यावर एकटी उभी राहिलेली मुलगी आणि वळणावर समोरून येणारा ट्रक, या दोन भयांची त्यांनी तुलना केलेली असते. डिचोलीतील बंद पडलेल्या खाणींपैकी एक 2024 साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा ट्रकचे भय तेथे काही कल्पनेतले नाही.

दंडाची पावती फाडणाऱ्या शासनाने सायंकाळी सातनंतर फाट्यावरून आत जाणारी एखादी लहान बस आधी चालवून दाखवावी. पहिले काही महिने ती रिकामी धावेल, कारण मोडलेला विश्वास आठवड्याभरात जुळत नाही. तोटा दिसला म्हणून ती दुसऱ्याच महिन्यात बंद करू नये.