थोड्या दिवसांची माया

मागच्या वर्षी जुलैत, पावसाची झड लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी दवाखाना उघडायला गेलेले आमचे कंपाउंडर पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन घरी आले. ‘साहेब, पायरीवर कुणीतरी ठेवून गेलंय,’ ते म्हणाले. खोक्यात मांजरीची चार पिल्ले होती. डोळे नुकते किलकिले झालेले, अंगाखालचे फडके ओलेचिंब. ओरडायचेही त्राण त्यांच्यात उरले नव्हते.

आमच्या घरात मांजर कधी पाळलेले नाही. ‘दिवसभर पेशंट असतात, आता घरीही का?’ असे सौ. म्हणाल्या आणि जुना टॉवेल शोधायला आत गेल्या.

माणसांवर उपचार करण्यात माझे निम्मे आयुष्य गेले, पण दहा-बारा दिवसांच्या पिल्लाला काय पाजावे हे मला ठाऊक नव्हते. सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘आईची वाट पाहिली का?’ मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो, ते उगीच नाही. एकेक पिल्लू तोंडात धरून ती जागा बदलत असते आणि नेमकी त्याच वेळी ती पिल्ले आपल्याला पोरकी वाटतात. उघड्यावरची पिल्ले कोरडी आणि शांत असतील, तर लांबून काही तास लक्ष ठेवावे. बहुतेक वेळा आई परत येते. आमची पिल्ले मात्र खोक्यात घालून आणलेली होती. त्यांची आई येणार नव्हती.

‘मग आठ आठवड्यांची होईपर्यंत तुम्हीच सांभाळा. तोवर आपण घरं बघू,’ डॉक्टर म्हणाले. मुंबई-पुण्याकडे अशा तात्पुरत्या सांभाळाला ‘फॉस्टर’ म्हणतात. हे दत्तक घेणे नव्हे. येथे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की हा जीव आपल्याकडे राहणार नाही.

आधी ऊब, मग दूध

एवढ्या लहान पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. गारठलेल्या पिल्लाला पचन होत नाही, त्याला तसेच दूध पाजले तर जिवावर बेतते. म्हणून गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायची, नको वाटले तर पिल्लाला दूर सरकता येईल एवढी जागा सोडायची आणि अंग उबदार लागले की मगच दूध पाजायचे. दूधही गाई-म्हशीचे नको. त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातले पाणी पाहता पाहता कमी होते. पिल्लांसाठी वेगळी दूधपावडर मिळते. पहिला डबा त्या डॉक्टरांनीच दिला, पुढचे आम्ही जिल्ह्याच्या गावाहून आणवले.

सुई काढलेल्या सिरिंजने, पिल्लाला पोटावर ठेवून, थेंब थेंब पाजायचे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाण्याची भीती असते. पाजून झाले की ओल्या कापसाने खालची जागा हलकेच पुसायची, कारण पहिले तीन आठवडे आईने चाटल्याशिवाय पिल्लांना लघवी-शी होत नाही. हे सारे दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

एका पिल्लाला शिंका येऊ लागल्या. अंगही गरम लागले. मी सवयीने कपाटातून लहान मुलांचे पॅरासिटामॉलचे औषध काढले. सुदैवाने देण्याआधी फोन केला. ‘एक थेंबही देऊ नका!’ डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. हे औषध मांजराच्या शरीरात विषासारखे काम करते. त्याच्या यकृताला ते आपल्यासारखे निकामी करता येत नाही आणि रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच नाहीशी होते. वाचकहो, आपल्याला चालते ते औषध जनावरालाही चालेल, हा समज डॉक्टरचाही असू शकतो. तो सोडून द्या.

वहीतली एक ओळ

सौ.नी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी पिल्लांचे वजन घ्यायला सुरुवात केली. पिल्लांची नावे मात्र ठरवली नाहीत. ‘पाहुण्यांना नावं ठेवू नयेत,’ असा विनोद त्यांनी केला. वहीत फक्त रंग लिहिले: काळे, पांढरे, ठिपक्यांचे, राखाडी. या वयात वजन रोज साधारण दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला हवे. तिघांचे आकडे दोनशेवरून वर चढत गेले. राखाडी पिल्लू आले तेव्हाच 140 ग्रॅमचे होते. 140, 146, 151. मग 149, 144, 138.

सातव्या रात्री ते गेले. सौ.च्या ओंजळीत होते. मला हाक मारली तेव्हा दोन वाजून गेले होते. पहाटे पावसातच मी प्राजक्ताखाली खड्डा खणला.

त्या दिवशी दवाखान्यात पोचायला तासभर उशीर झाला. ‘काय डॉक्टर, आज उशीर?’ एका नेहमीच्या पेशंटने विचारले. मी म्हणालो, ‘स्कूटर पंक्चर झाली.’ मांजराचे पिल्लू पुरून आलो, हे सांगायची लाज वाटली. आपल्याकडे सात दिवस राहिलेले पिल्लू, त्याचे कसले एवढे दुःख? दिवसभर कामात लक्ष लागले नाही आणि त्याबद्दल स्वतःचाच राग येत राहिला.

‘तरुण आहेस, पुढं होईल’

त्याच आठवड्यात एक मुलगी सासूबाईंबरोबर आली. तिच्या संमतीने हे लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दीड महिन्यापूर्वी तिचा अडीच महिन्यांचा गर्भ पडला होता. सोनोग्राफी, रक्ततपासणी सारे रीतसर झाले होते. तेव्हा मी तिला म्हणालो होतो, ‘अगं, तरुण आहेस, पुढच्या वर्षी पेढे घेऊन येशील. मनाला लावून घेऊ नकोस.’ हे वाक्य मी आजवर किती जणींना म्हटले असेन, त्याला गणती नाही. धीर द्यावा म्हणूनच म्हणत आलो.

आता तिची तक्रार होती झोप लागत नाही, डोके दुखते. रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन ठीक. मी गोळी लिहायला घेतली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘शेजारच्या मांजरीला दूध घालायची ही. कितीदा सांगितलं, केस पोटात जातात म्हणून. त्यानंच झालं सगळं.’

मुलगी मान खाली घालून बसली होती. तिच्याकडे पाहताना मला माझी पंक्चर झालेली स्कूटर आठवली. मी पेन खाली ठेवले.

आधी सासूबाईंशी बोललो. जे त्यांना सांगितले तेच येथे लिहितो. मांजराच्या केसांनी गर्भ पडत नाही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पसरू शकतो आणि गरोदरपणात त्याची प्रथमच लागण झाली तर गर्भाला धोका असतो, हे खरे आहे. पण तो अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतूनही येतो. शिवाय विष्ठेतील हा परजीवी बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून गरोदर बाईने मांजराची घाण स्वतः काढू नये, घरातल्या दुसऱ्याने ती रोजच्या रोज काढावी, हात साबणाने धुवावेत, भाज्या नीट धुवाव्यात, मांस पूर्ण शिजवावे. एवढी काळजी घेतली तर घरचे मांजर हाकलायची गरज नसते.

गर्भपाताबद्दल आणखी एक गोष्ट. लक्षात आलेल्या दर शंभर गरोदरपणांपैकी साधारण दहा ते पंधरा पहिल्या काही महिन्यांत आपोआप थांबतात. त्यातील निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. पाण्याची घागर उचलली, जिना चढली, मांजरीला दूध घातले, याने ते घडत नाही. बहुतेक वेळा त्यात बाईची काहीही चूक नसते.

मग मुलीकडे वळलो. पूर्वी कधी विचारले नव्हते ते विचारले. ‘काही ठरवलं होतंस का गं, बाळासाठी?’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आईनं जुन्या लुगड्याची गोधडी शिवायला घेतली होती. अर्धीच राहिली.’ आणि रडू लागली. आजवर मी अशा वेळी पाण्याचा ग्लास पुढे करत असे आणि ‘रडायचं नाही’ म्हणत असे. या वेळी काहीच म्हणालो नाही. बाहेर पेशंट खोकत होते. थोड्या वेळाने सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘माझंही पहिलं असंच गेलं होतं.’ सुनेला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

झोपेची गोळी मी दिली नाही. पंधरा दिवसांनी दोघींना पुन्हा बोलावले.

दुःख लहान-मोठे कोण ठरवणार?

चारचौघांत ज्याला जागा नाही अशा दुःखाकडे केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 साली लक्ष वेधले. माणूस गेले तर लोक भेटायला येतात, शेजारचे पिठले-भाकरी आणून देतात, दहावे-तेरावे होते. पण पडलेला गर्भ, मेलेले पाळीव जनावर, यांचे दहावे नसते. मग माणूस ते दुःख लपवतो, ‘पंक्चर झाली’ म्हणतो, आणि ते डोकेदुखी, निद्रानाश, चिडचिड होऊन बाहेर येते. मुलगी आणि मांजराचे पिल्लू यांची मी बरोबरी करत नाही. तिचे दुःख माझ्या शंभरपट असेल. पण माया किती दिवसांची होती यावरून दुःखाचे माप काढू नये, हे मला त्या पिल्लामुळे समजले. इतकी वर्षे मी ते माप काढत होतो.

असे दुःख आजार नव्हे, ते हळूहळू ओसरते. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक रोज झोप नाही, अन्नावर वासना नाही, कशातच मन रमत नाही, सारा दोष आपलाच वाटतो असे असेल तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नको असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते, आणि मराठीत बोलता येते.

पिल्ले सांभाळणाऱ्यांसाठी

मांजरही चावण्या-बोचकारण्यातून रेबीज देऊ शकते. लहान पिल्लू म्हणून दुर्लक्ष करू नका. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, हळद, तिखट काहीही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून काही जणांच्या मनात आहे, पण ती जुनी लस आपल्या देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता मोजकी इंजेक्शने दंडात देतात. ती सगळी घ्यावीत, मध्येच सोडू नयेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

पिल्लांच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो, आणि तो आपल्यालाही होतो. दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून चोळू नका, त्याने नायटा दबतो आणि मग पसरतो. बोचकारल्यावर काही दिवसांनी काखेत गाठ आली, ताप आला तर ‘मांजराने बोचकारले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पिल्लांना जंताचे औषध, लस आणि पुढे चार-पाच महिन्यांची झाल्यावर नसबंदी, हे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने करा. नसबंदी केली तर पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या पायरीवर खोका येणार नाही.

निरोप

सप्टेंबरमध्ये तिन्ही पिल्लांना घरे मिळाली. काळे आणि पांढरे एका धान्याच्या दुकानात एकत्र गेले, ठिपक्यांचे एका निवृत्त शिक्षकांकडे. त्यांच्या पत्नीला जाऊन वर्ष झाले होते. ते न्यायला आले तेव्हा सौ.नी त्यांना दुधाची वेळ, खाण्याची सवय, झोपायचा टॉवेल, सारे समजावून सांगितले. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘चांगल्या घरी गेलं, मग मी रडतेय कशाला?’ त्यांनी मला विचारले. पूर्वीचा मी असतो तर ‘हो ना, कशाला?’ म्हणालो असतो. या वेळी चहा टाकला आणि शेजारी बसलो.

ती वजनांची वही अजून फडताळात आहे. राखाडीच्या ओळीत सात आकडेही नाहीत. ते पान आम्ही फाडलेले नाही.

आपल्या आळीत कुणाचा गर्भ पडला असेल, कुणाचे जुने कुत्रे गेले असेल, तर ‘एवढं काय त्यात’ म्हणू नका. ‘पुढं होईल’, ‘दुसरं आणा’ असेही म्हणू नका. दहा मिनिटे बसा आणि जे गेले त्याबद्दल काहीतरी विचारा. मी दवाखान्यात आता तेच करतो. त्यामुळे पेशंटना थोडे जास्त ताटकळावे लागते, आणि कुणी उशिराचे कारण विचारले तर खरे कारण सांगतो.