पंपाआधी नदी निवडा

नायगावहून भाईंदरकडे निघालेली लोकल खाडीच्या पुलावर आली की खाली बघावं. उधाणाच्या दिवशी पुलाच्या खांबांभोवती पाणी भोवरे घेत धावतं आणि सहाएक तासांनी तेच पाणी उलटं वाहू लागतं. पाणजू बेटाला वळसा घालून एवढं पाणी आत-बाहेर ढकलायला चंद्र-सूर्याची ओढ पुरते! याच खाडीला मिळणारी उल्हास नदी सह्याद्रीत, राजमाचीच्या परिसरात उगम पावते. एकाच नदीच्या वाटेवर पाण्याच्या तीन चाली: घाटाखाली उसळती, मधल्या डोहांत संथ, नायगावला दिशा बदलणारी. देशी माशांसाठी मोठा टँक करायचा, तर आपला मासा यातल्या कुठल्या पाण्यातला, हे पंप बघण्याआधीच ठरवायला हवं.

मरळीला डोह हवा. ती पृष्ठभागावर येऊन हवाच गिळते, तिला जोरदार प्रवाह म्हणजे छळ. निवटी आणि काळुंदर खाडीचे. सह्याद्रीच्या ओढ्यातल्या मळ्याची तऱ्हा मात्र बघत राहावी अशी. पुरात तो वाहून का जात नाही? दगडाला अगदी खेटून पाण्याचा एक पातळ थर असतो, तिथे घर्षणामुळे वेग जवळजवळ शून्यावर येतो. सपाट पोटाचा मळ्या छातीचे पर आडवे पसरून, खालच्या ओठाची चकती दगडाला लावून त्या थरात दबून बसतो. डोक्यावरून ओढा वाहत राहतो आणि हा निवांत शेवाळ खरवडतो.

आता त्याच्यासाठी ८ फूट लांब, ३ फूट रुंद, अडीच फूट उंच टँक धरा. पाणी सुमारे १,७०० लिटर. तासाला दहा वेळा फिरवायचं, तर १७,००० लिटरचा पंप लागेल. ऐकायला दणदणीत वाटतं. पण हे पाणी टँकच्या पूर्ण रुंदी-उंचीतून सरकलं तर त्याचा वेग भरतो सेकंदाला जेमतेम ७ मिलिमीटर! ओढ्यासारखा सेकंदाला ३० सेंटिमीटरचा वेग सगळ्या टँकभर हवा असेल, तर तासाला साडेसात लाख लिटर फिरवावे लागतील. नदी काय ताकदीची असते, हे या एका गुणाकारात कळतं. म्हणून मोठ्या पंपाच्या मागे लागू नये. गोटे रचून अरुंद वाट करावी, तिच्या तोंडाशी प्रवाह सोडावा आणि बाकीचा टँक शांत ठेवावा. दमलेल्या माशाला टेकायला जागा हवीच.

पंपाच्या बॉक्सवर लिहिलेले लिटर शून्य उंचीचे असतात. टँकखालच्या संपमधून, म्हणजे खालच्या टाकीतून, पाणी दीड मीटर चढवायचं असेल, तर खऱ्या आकड्यासाठी पंपाचा आलेख बघा. पाइपात कंजुषी नको: तेवढंच पाणी निम्म्या व्यासातून नेलं तर घर्षण जवळपास ३२ पट होतं. वेग कमी-जास्त करता येणाऱ्या डीसी पंपाचा वेग निम्मा केला, तर पंखा फिरवायला लागणारी शक्ती साधारण एक-अष्टमांशावर येते. एका मोठ्यापेक्षा दोन लहान पंप बरे. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. वीज गेली की वरचं पाणी संपमध्ये उतरतं, तेवढी जागा तिथे रिकामी हवी.

पंप प्राणवायू तयार करत नाही. तो खालचं पाणी वर आणतो आणि पृष्ठभाग ढवळला की हवेतला प्राणवायू विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो, उन्हाळ्यात आणखी कमी. आणि नेमका तेव्हाच माशाला तो जास्त लागतो. मे महिन्यात पंपाचं तोंड थोडं वर वळवा.

महसीर मात्र घरी आणू नका. तो मीटरभर वाढतो, त्याला पुरेल असा प्रवाह घरात होत नाही. बघायचा असेल तर महाड तालुक्यातल्या वाळणकोंडला जा. काळ नदीच्या त्या डोहात गावकऱ्यांनी हे मासे देवीचे म्हणून राखले आहेत.